पाणबुडीला दार नसतं

"क्रिटिकल रिव्ह्यू लिहून आणा" असं कोर्सवर्कच्या पहिल्याच आठवड्यात सांगतात. तो लिहायचा कसा, हे मात्र कोणी सांगत नाही. मग आपण पेपरचा सारांश लिहितो, शेवटी "सॅम्पल साइझ लहान आहे" असं एक वाक्य चिकटवतो, आणि झाली टीका. मीही हेच करत आले. तुमच्यापैकी जे सेट-नेट उरकून पीएचडीच्या दाराशी उभे आहेत, त्यांच्यासाठी आज मी एका पेपरवर नाही, एका संग्रहालयावर टीका लिहिते आहे. विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर वाळूच्या कडेला ठेवलेली 'आयएनएस कुरसुरा' ही पाणबुडी. एका परिषदेला गेले होते, पोस्टर लावून झालं, दुपार रिकामी होती, म्हणून गेले. परत आले ती थिसिसचं एक प्रकरण पुन्हा लिहायला घेऊनच. ते का, ते पुढे येईल.

आधी विषय नीट मांडते. टीका लिहिताना ही पायरी गाळू नका. समोरचं काम काय आहे ते त्याच्या बाजूने सांगता आलं नाही, तर पुढचं सगळं फुकट आहे.

कुरसुरा ही सोव्हिएत बनावटीची डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी. पाश्चात्त्य देश या जातीला 'फॉक्सट्रॉट' म्हणत, आपल्याकडे तो 'कलवरी वर्ग'. कलवरी, खांदेरी, करंज आणि कुरसुरा अशा चार बहिणी १९६७ ते १९६९ या काळात भारतीय नौदलात आल्या. (खांदेरी म्हणजे आपलं अलिबागजवळचं, थळच्या समोरचं खांदेरी.) कुरसुरा १८ डिसेंबर १९६९ ला दाखल झाली, १९७१ च्या युद्धात अरबी समुद्रात गस्तीवर होती, आणि ३१ वर्षं सेवा करून, सुमारे ७३,५०० सागरी मैल कापून २७ फेब्रुवारी २००१ ला निवृत्त झाली. मग ती किनाऱ्यावर आणून काँक्रीटच्या आधारांवर बसवली आणि ऑगस्ट २००२ मध्ये लोकांसाठी खुली केली. लांबी ९१ मीटर, पोटाची रुंदी साडेसात मीटर, माणसं ७५. पुढच्या तोंडाला टॉर्पेडोच्या सहा नळ्या, शेपटीला चार.

आणि संग्रहालय म्हणून ते चांगलं आहे. हे आधीच सांगते, कारण पुढे मी बरीच खोड काढणार आहे. आत जे दिसतं ते खरं आहे: खऱ्या नळ्या, खऱ्या झडपा, रशियन अक्षरांच्या तबकड्या, एकावर एक टांगलेल्या अरुंद झोपायच्या फळ्या. एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना गोल भोकातून आधी पाय की आधी डोकं, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो आणि बहुतेकांचं डोकं आपटतं. माहिती सांगणारे लोक निवृत्त नौसैनिक आहेत. पाठ केलेलं बोलणारा आणि स्वतः तिथे राहिलेला माणूस यांच्यातला फरक दोन मिनिटांत कळतो.

आता खोड. ती आत शिरतानाच सुरू होते.

तुम्ही जिना चढता, पाणबुडीच्या पुढच्या भागात कुशीला असलेल्या दारातून आत जाता, सरळ चालत शेपटीकडच्या दारातून बाहेर येता. साधं आहे. बसमध्ये जातो तसं. पण पाणबुडीला असं दार नसतं. मुळात आत जायची वाट वरून: गोल झाकण, खाली उभी शिडी. कुशीला असलेली ही दोन दारं संग्रहालय करताना कवच कापून केलेली आहेत, आणि अख्ख्या पाणबुडीत सर्वात महत्त्वाची गोष्ट काय असेल तर हे कापलेलं कवच.

थोडा हिशेब करू. पाण्यात दर दहा मीटरला साधारण एक वातावरण इतका दाब वाढतो. फॉक्सट्रॉट अडीचशे मीटरच्या आसपास खोल जायच्या. म्हणजे बाहेरून पंचवीस वातावरणं. तळहाताएवढ्या, शंभर चौरस सेंटिमीटरच्या तुकड्यावर अडीच टन. आपण ज्या दारातून आत गेलो ते दोन मीटर बाय एक मीटर धरलं, तर त्या जागेवर पाचशे टन. आणि प्रश्न नुसत्या वजनाचा नाही. गावाकडची दगडी बांधणीची गोल विहीर आठवा. बाहेरून माती दाबते, दगड एकमेकांवर रेलतात, आणि त्या रेलण्यामुळेच कडं उभं राहतं. त्यातला मधला एक दगड काढला तर नुसतं भोक पडत नाही, शेजारच्या दगडांचा आधार जातो. पाणबुडीचं आतलं कवच असंच कडं आहे. त्यात जे थोडं भोक ठेवावंच लागतं (वरची झाकणं, पेरिस्कोपची वाट, टॉर्पेडोच्या नळ्या), त्याच्याभोवती पोलाद जाड करून आधार द्यावा लागतो. शक्य तितकी कमी भोकं, हा या यंत्राचा पहिला नियम. आणि आपण यंत्र बघायला जातो ते नेमके तो नियम मोडून केलेल्या भोकातून!

तुम्ही म्हणाल, मग काय करायचं? आजीला शिडीवरून उतरवायचं का? नाही. दार हवंच. आजींना आणि चार वर्षांच्या मुलांना पाणबुडी बघायला मिळणं ही चांगली गोष्ट आहे. माझी तक्रार दार कापल्याबद्दल नाही. कापलेलं दार मुळापासून असल्यासारखं दिसतं, त्याबद्दल आहे. नीट चौकट, रंग, पायरी. हजारो लोक रांगेने आत जातात आणि बाहेर पडताना त्यांच्या मनात पाणबुडीचं जे चित्र तयार होतं, त्यात तिला कुशीला दार असतं. मी असते तर कापाची एक कड उघडी ठेवली असती, जाडी दिसेल अशी, आणि शेजारी एकच ओळ लिहिली असती: हे दार आम्ही कापलं, इथे आधी अखंड पोलाद होतं.

आता माझं. मी पोलादाला क्लोराइडमुळे लागणाऱ्या गंजावर काम करते. नमुना मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात ठेवायचा, ठरलेल्या दिवसांनी काढायचा, कापायचा, रेझिनमध्ये बसवायचा, घासून आरशासारखा करायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. गंजाचा थर खरवडून एक्सआरडीला द्यायचा, म्हणजे गंजात कोणकोणती संयुगं आहेत ते कळतं. यातली प्रत्येक पायरी म्हणजे कापलेलं दार. ती केल्याशिवाय आत जाता येत नाही, आणि ती केली की आतलं थोडं तरी बदलतं.

माझ्या दुसऱ्या प्रकरणात एक आलेख होता. खाली लिहिलं होतं, "तीस दिवसांनंतरचा गंज." खरी गोष्ट अशी होती की तीस दिवसांनी नमुने काढले तेव्हा एक्सआरडीला तारीख मिळत नव्हती. ऐन पावसाळ्यात ते नमुने जवळपास तीन आठवडे कपाटात पडून होते. मीठ अंगावर, हवा दमट. गंज काय माझ्या तारखेसाठी थांबणार होता? मेथडॉलॉजीत मी लिहिलं होतं, "नमुने वाळवून त्यांचं विश्लेषण करण्यात आलं." वाक्य खोटं नव्हतं. नीट चौकट लावून रंगवलेलं होतं, इतकंच.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. वहीत तारखा होत्या. पण त्या गोल भोकातून वाकून जाताना, पाणबुडीला दार नसतं हे जेव्हा लक्षात आलं, तेव्हा पोटात गोळा आला तो आधी कधी आला नव्हता. परत आल्यावर चार नमुने पुन्हा केले, काढले त्याच दिवशी हातापाया पडून यंत्र मिळवलं. ज्या एका शिखरावर मी दीड पान चर्चा लिहिली होती, ते ताज्या नमुन्यांत निम्म्यावर आलं. माझ्या गाईडना सांगितलं. (पीएचडीचे गाईड, पाणबुडीतले गाईड पुढे येतील.) त्या ओरडल्या नाहीत. "मग आता हे प्रकरण कशावर आहे?" एवढंच विचारलं. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

असो. परत कुरसुरामध्ये जाऊ.

लोक कशासमोर थांबतात ते बघा. टॉर्पेडोच्या नळ्या, कप्तानाची छोटी खोली, पेरिस्कोप. फोटो तिथेच निघतात. ज्याच्यावर ही सगळी पाणबुडी चालते ते आपल्या पायाखाली असतं आणि कोणाचं लक्ष जात नाही: बॅटऱ्या. फॉक्सट्रॉटमध्ये राहण्याच्या दोन कप्प्यांच्या जमिनीखाली शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांच्या रांगा असत. डिझेल इंजिनाला हवा लागते, ती पाण्याखाली नाही. म्हणून वर किंवा वरच्या थरात नळी काढून इंजिनं चालवायची, बॅटऱ्या भरायच्या, आणि मग खाली जाऊन त्या विजेवर गुपचूप चालायचं. या पाणबुडीचं सगळं वेळापत्रक, सगळी भीती बॅटरीत किती उरलंय यावर बांधलेली होती. म्हणजे हे लोक टॉर्पेडोवर नाही, चार्जिंगवर जगत होते. आपल्यासारखेच म्हणा.

शिसे-आम्लाची बॅटरी भरताना हायड्रोजन सुटतो, हे बारावीला शिकलेलं आहे. हवेत चार टक्क्यांवर गेला की पेट घेऊ शकतो. त्यात समुद्राचं पाणी शिरलं तर क्लोरीन. म्हणजे तुमच्या झोपायच्या फळीखाली हायड्रोजन किंवा क्लोरीनचा कारखाना, आणि खिडकी नाही. हायड्रोजन मोजणं आणि पंख्याने काढत राहणं ही तिथली रोजची कामं.

हे सांगायचं कारण नुसतं रसायनशास्त्राचं नाही. याच विशाखापट्टणमच्या समोर, बंदराच्या तोंडापासून फार लांब नाही, 'गाझी' ही पाकिस्तानी पाणबुडी तळाशी पडलेली आहे. १९७१ च्या ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री ती बुडाली, आतला एकही माणूस वाचला नाही. का बुडाली? भारतीय नौदलाचं म्हणणं, 'आयएनएस राजपूत'ने टाकलेल्या डेप्थ चार्जमुळे. पाकिस्तानचं म्हणणं, अपघात: स्वतःच पेरलेला सुरुंग किंवा आतला स्फोट. आणि आतल्या स्फोटाच्या शक्यतांमध्ये एक आहे, बॅटऱ्यांमधला हायड्रोजन. कुरसुरापासून जवळच, त्याच किनाऱ्यावर १९७१ च्या विजयाचं स्मारक आहे. दोन्ही बघून हॉटेलवर गेलेल्या माणसाला गाझीची गोष्ट माहीत असते, बॅटरीची नसते. त्यामुळे हायड्रोजनची शक्यता त्याला पराभव झाकायची सबब वाटते. बॅटरी नीट समजून घेतली असती तर तीही एक तपासण्याजोगी शक्यता वाटली असती. खरी ठरो वा न ठरो. मी कुठल्याही बाजूची नाही. पण ज्या पुराव्यावरून शक्यता तोलायच्या तो पायाखाली असताना दाखवायचा नाही, हे मला संग्रहालयाचं मोठं राहून गेलेलं काम वाटतं. जमिनीची एक फळी काढून तिथे काच बसवली तरी पुरे.

दुसरी हरवलेली गोष्ट म्हणजे हवा. आत माणसांचे पुतळे ठेवलेत. कोणी टेबलाशी, कोणी यंत्राशी. पुतळ्यांचा एक दोष असा की ते श्वास घेत नाहीत. दोन्हीकडे उघडी दारं असल्यावर आपल्यालाही हवेचा विचार करावा लागत नाही. म्हणून घरी येऊन पाकिटाच्या मागे हिशेब केला. (अशी सवय लावून घ्या, मुलाखतीत विचारतात.) शांत बसलेला माणूस तासाला अंदाजे वीस लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. ७५ माणसं म्हणजे दीड घनमीटर. आतली मोकळी हवा हजार घनमीटर धरा. तासाला ०.१५ टक्के. बाहेरच्या हवेत तो ०.०४ टक्के असतो. इथे सात तासांत एक टक्का ओलांडला, वीस तासांत तीन. तीन टक्क्यांवर डोकं ठणकतं, धाप लागते, विचार नीट होत नाही. प्रत्यक्षात तो वायू शोषणारी आणि ऑक्सिजन देणारी रसायनं वापरत, त्यामुळे गोष्टी इतक्या लवकर हाताबाहेर जात नसत. पण रसायनं संपतात, पंखे बंद ठेवावे लागतात.

याच जातीची 'बी-५९' ही सोव्हिएत पाणबुडी २७ ऑक्टोबर १९६२ ला, क्यूबाच्या पेचप्रसंगात, अमेरिकी जहाजांच्या वेढ्यात अडकली होती. वरून इशाऱ्याचे स्फोट होत होते, बॅटऱ्या संपत आल्या होत्या, आत पारा ४५ अंशांच्या वर होता, हवा सडलेली होती. आणि नळीत अण्वस्त्र असलेला एक टॉर्पेडो होता. आतल्या एका अधिकाऱ्याने बऱ्याच वर्षांनी सांगितलेल्या हकिगतीनुसार कप्तानाने तो तयार करायला सांगितला, आणि वासिली अर्खिपॉव्ह या अधिकाऱ्याने त्याला शांत केलं. तपशिलांबद्दल मतभेद आहेत. पण जे काही बोलणं झालं ते कुरसुरासारख्याच मधल्या कप्प्यात झालं, आणि तीन टक्क्यांच्या हवेत डोकं कसं चालतं हे माहीत असल्याशिवाय त्या बोलण्याचा अर्थ लागत नाही. हवा हा इथे पार्श्वभूमीचा तपशील नाही, व्हेरिएबल आहे.

इतर देशांच्या पाणबुड्या मी प्रत्यक्ष पाहिलेल्या नाहीत, फक्त वाचलंय. तरी तुलना हवी, कारण एकाच उदाहरणावरून टीका केली की ती कुरबुर वाटते. अमेरिकेत ग्रॉटनला 'नॉटिलस' आहे, जगातली पहिली अणुपाणबुडी. १९५८ मध्ये ती बर्फाखालून उत्तर ध्रुवावरून गेली. लोकांना फक्त पुढचा भाग बघता येतो. जिच्यासाठी तिचं नाव इतिहासात आहे ती अणुभट्टीची बाजू बंद. फ्रान्समध्ये शेरबूरला 'ले रेदूताब्ल' आहे, १२८ मीटरची. तिथे अणुभट्टीचा कप्पा कापून काढला आणि त्याजागी पोलादाची रिकामी नळी बसवली. लोक त्या नळीतून चालत जातात. मला हे आवडतं. पोकळी आहे तिथे पोकळीच ठेवली. शिकागोच्या 'यू-५०५' ची गंमत उलटी. ही जर्मन पाणबुडी अमेरिकी नौदलाने ४ जून १९४४ ला समुद्रात जिवंत पकडली. पुढे संग्रहालयाकडे आली तेव्हा आतलं जवळपास सगळं काढून नेलेलं होतं. संग्रहालयाने मूळ भाग बनवणाऱ्या जर्मन कंपन्यांना पत्रं लिहिली आणि त्यांनी भाग फुकट पाठवले. म्हणजे समोरची तबकडी अस्सल आहे का? त्याच कारखान्याची, हो. पकडली तेव्हाची, नसेलही. 'अस्सल' हा शब्द थिसिसमध्ये वापरण्याआधी यावर पाच मिनिटं घालवा.

पण माझ्या मते या सगळ्यांत उत्तम काम ब्रिटनमध्ये गॉस्पोर्टला झालंय, आणि माझा पक्षपात उघड आहे, कारण तो गंजाचा विषय आहे. 'हॉलंड १' ही ब्रिटिश नौदलाची पहिली पाणबुडी, १९०१ ची, जेमतेम साडेएकोणीस मीटरची. १९१३ मध्ये भंगारात ओढून नेताना वाटेत बुडाली. १९८१ ला सापडली, १९८२ ला वर काढली. वर काढल्यावर स्वच्छ केली, गंजरोधक लेप दिला, लोकांना दाखवायला ठेवली. सगळं नीट वाटत होतं. दहा-अकरा वर्षांत लक्षात आलं की ती आतून खातेय.

का, ते बघा. समुद्रात सत्तर वर्षं राहिलेल्या लोखंडात क्लोराइड गंजाच्या थराखाली, बारीक खड्ड्यांत जाऊन बसतं. पाण्याखाली ऑक्सिजन कमी, म्हणून कारभार संथ असतो. वर काढलं, हवा आणि दमटपणा मिळाला, की खरा खेळ सुरू. क्लोराइडचा वाईटपणा असा की ते गंज लागण्याच्या क्रियेत संपत नाही. लोखंड खाऊन मोकळं होतं आणि पुढचं लोखंड खायला तयार. वरून लेप दिला तर ते आतच कोंडलं जातं. म्हणून मग १९९५ मध्ये अख्ख्या पाणबुडीभोवती फायबरग्लासची टाकी बांधली आणि ती सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवली. अल्कलीत लोखंड तुलनेने शांत राहतं आणि क्लोराइड हळूहळू बाहेर झिरपतं. या कामाला सुमारे चार वर्षं गेली. आता ती कोरड्या हवेच्या बंदिस्त दालनात आहे.

वाचवण्यासाठी जिला पुन्हा बुडवावी लागली अशी पाणबुडी! आणि त्यांनी ही फसगत लपवली नाही. पहिला उपचार कमी पडला, हे तिच्या इतिहासाचा भाग म्हणून सांगितलं जातं. आपल्या पेपरांत पहिला उपचार कमी पडल्याचं कधी वाचलंय? माझ्या वाचनात दोनदा.

कुरसुराचं आयुष्य या बाबतीत सोपं नाही. ती पाण्यात नाही, पण खाऱ्या वाऱ्यात उभी आहे, बंगालच्या उपसागराच्या चक्रीवादळांच्या वाटेवर. आणि संग्रहालय झालं म्हणजे वस्तू वाचली असं समजू नका. तिच्याच जातीची 'बी-३९' अमेरिकेत सॅन डिएगोला संग्रहालय होती; गंजाने इतकी खाल्ली की २०२२ मध्ये भंगारात गेली. त्याच वर्षी साउथ कॅरोलायनाची 'क्लॅमागोर' गेली. प्रॉव्हिडन्सची एक सोव्हिएत पाणबुडी तर २००७ च्या वादळात धक्क्यालाच बुडाली. लांब कशाला, आपली 'विक्रांत'. विमानवाहू जहाज होतं, पाणबुडी नव्हे, पण मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती आणि माझ्या वयाच्या किती तरी जणांनी शाळेच्या सहलीत पाहिलीय. मला तिथला फक्त उतरता जिना आणि डब्यातली थालीपीठं आठवतात. २०१२ ला ती लोकांसाठी बंद झाली, २०१४ ला दारुखान्यात तोडली. तिच्या पोलादाचा काही अंश पुढे मोटारसायकलींत गेला. आज कोणाला तिच्या पत्र्यावरच्या गंजाचा अभ्यास करायचा असेल तर नमुना सिग्नलला शेजारी उभा राहील, पण खरवडून देणार नाही.

म्हणून जे अजून उभं आहे ते नीट वाचायला हवं, आणि इथे पाणबुडीतले गाईड येतात. आमच्या गटाला मिळालेले काका सत्तरीच्या आसपासचे होते. हिंदीत बोलत होते, मधूनमधून तेलुगू. मी शेवटी राहिले आणि विचारलं, "काका, आपके टाइम का यहाँ क्या नहीं है?" मला वाटलं एखाद्या यंत्राचं नाव सांगतील. ते म्हणाले, "बदबू." डिझेल, घाम, कांदा, आम्ल. पाणी मोजून मिळायचं, अंघोळ विसरा. गस्तीवरून घरी गेल्यावर बायको कपडे बाहेरच ठेवायला लावायची, आणि तरी आठवडाभर उशीला तो वास यायचा. मग त्यांनी पायाने जमिनीवर एका ठिकाणी टकटक केलं आणि सांगितलं, इथून खाली आडवं होऊन सरपटत जायचं, बॅटरी तपासायला, एकेका सेलची. कोपराला आम्लाचा डाग होता, तो दाखवला. मागून पुढचा गट आला, काका वळले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले: लांबी ९१ मीटर, रुंदी साडेसात.

आम्लाच्या त्या डागाला शेजारी पाटी नाही. आपल्या नौदलातली शेवटची फॉक्सट्रॉट २०१० मध्ये निवृत्त झाली. म्हणजे ज्यांनी या पाणबुड्यांत तारुण्य काढलं ते आता पन्नाशीच्या पुढे, पहिल्या तुकडीचे तर ऐंशीच्या घरात. तुमच्यापैकी कोणी इतिहास, समाजशास्त्र किंवा अगदी कामगारांच्या आरोग्यावर विषय शोधत असेल, तर हा घ्या, मी काही हक्क सांगत नाही. मुंबई-पुण्यातही निवृत्त पाणबुडीवाले राहतात. रेकॉर्डर घेऊन जा, नैतिक समितीची परवानगी आधी काढा (तिला वेळ लागतो, आत्ताच अर्ज करा), आणि लांबी-रुंदी विचारू नका.

कुरसुराला जाणार असाल तर सोमवार टाळा, बंद असते. शक्यतो पहिल्या गटात जा. गर्दी वाढली की मागचे लोक तुम्हाला पुढे सरकवतात आणि वाट एकच आहे. आत जाताना पेरिस्कोपच्या आधी दाराच्या कडेकडे बघा. आणि काका भेटले तर सांगा, एक्सआरडीवाली विचारत होती, कोपर कसं आहे.